फँटसी गेममधली नावं कुठल्या भाषांतून येतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फायनल फँटसीत वृत्र भेटतो, गेनशिनमध्ये सुमेरू, डायब्लोत बाल आणि स्कायरिममध्ये द्राउगर. हे सगळे लोकप्रिय व्हिडिओ गेम. मग कुणीतरी विचारतंच, 'हे नाव आपलं आहे का?' कधी असतं, कधी नुसता भास असतो. नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं देताना एक पथ्य पाळलंय: नाव कशासारखं ऐकू येतं याला फारसं महत्त्व द्यायचं नाही, ते कुठल्या वाटेने गेममध्ये पोचलं ते बघायचं.

नवी नावं बनवता येत नाहीत का? जुन्या भाषांतूनच का उचलतात?

बनवतातही. पण पूर्ण बनावट नाव कानाला पोकळ लागतं, आणि दुसरं कारण थेट कायद्याचं आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा टेबलाभोवती बसून पात्रं रंगवायचा खेळ आणला तेव्हा त्यात हॉबिट (छोटी माणसं) होते, एंट (चालतीबोलती झाडं) होते, बॅलरॉग (आगीचा राक्षस) हाही होता. तिन्ही 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहिणाऱ्या टोल्किनचे. काही वर्षांतच टोल्किनच्या हक्कदारांकडून कायदेशीर हरकत आली. हॉबिटचे 'हाफलिंग' झाले, एंटचे 'ट्रिएंट' झाले आणि बॅलरॉगच्या जागी आला 'बेलोर'. हा बेलोर आयरिश पुराणकथांतला, नुसत्या नजरेने माणसं मारणारा फोमोरियन राजा. उच्चार जवळचा आणि मध्ययुगीन आयरिश कथांवर कुणाचा स्वामित्वहक्क नाही, त्यामुळे काम सोपं झालं. मेलेल्या भाषा आणि जुनी पुराणं फुकट असतात, हे गेम कंपन्यांना तेव्हापासून पक्कं ठाऊक आहे.

एल्फ, ड्वार्फ, ऑर्क, ट्रोल यांचं मूळ काय?

बहुतेक सगळे जर्मानिक भाषांतले. एल्फ आणि ड्वार्फ जुन्या इंग्रजीतही आहेत आणि जुन्या नॉर्समध्येही. ट्रोल नॉर्समधून आला. 'बेओवुल्फ' या जुन्या इंग्रजी काव्यात दैत्य, एल्फ आणि 'ओर्कनेआस' यांची नावं एकाच ओळीत येतात. या 'ओर्क'चा संबंध लॅटिनमधल्या ऑर्कस या पाताळदेवाशी लावतात. टोल्किन जुन्या इंग्रजीचाच प्राध्यापक होता, त्याने तिथून शब्द घेतला आणि पुढच्या सगळ्या गेमनी त्याच्याकडून.

बुटक्यांची नावं तर त्याने सरळ यादीतून उतरवली. 'व्होलुस्पा' या नॉर्स काव्यात ड्वार्फ लोकांची लांबलचक नामावळी आहे. थोरिन, फिली, किली, दुरिन, बोंबुर सगळे तिथे भेटतात. टोल्किनचा जादूगार गँडाल्फही त्याच यादीतला. म्हणजे हा मुळात जादूगार नव्हे, बुटका.

भूमिगत राहणाऱ्या काळ्या एल्फना 'ड्राऊ' म्हणतात, तो शब्द स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड आणि ऑर्कनी बेटांवरचा. तिथल्या 'ट्राऊ'चं ते दुसरं रूप, आणि ट्राऊ म्हणजे ट्रोलच.

'माना' म्हणजे आपलं 'मन' का?

नाही. हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि उत्तर ऐकून लोक हिरमुसतात.

माना हा पॅसिफिक महासागरातल्या बेटांवरचा शब्द आहे. माओरी, हवाईयन आणि आजूबाजूच्या अनेक भाषांत तो आहे. अर्थ साधारण असा: माणसाच्या, वस्तूच्या किंवा जागेच्या अंगी असलेलं सामर्थ्य, अधिकार, दरारा. न्यूझीलंडमध्ये आजही एखाद्या माणसाचा 'माना' मोठा आहे असं सहज बोलतात, आणि त्यात जादूटोण्याचा काही भाग नसतो. रॉबर्ट कॉड्रिंग्टन या इंग्रज मिशनऱ्याने मेलानेशियातल्या लोकांवर १८९१ मध्ये पुस्तक लिहिलं, त्यातून हा शब्द युरोपातल्या मानववंशशास्त्रात शिरला. तिथून तो अमेरिकी विज्ञानकथांमध्ये गेला. लॅरी निव्हनने १९६९ च्या एका कथेत कल्पना मांडली की माना ही जमिनीत साठलेली शक्ती आहे आणि जादू करत गेलं की ती संपते. संपणारी शक्ती! गेम बनवणाऱ्यांना हवी होती ती नेमकी हीच गोष्ट, कारण संपणारी शक्ती पडद्यावरच्या निळ्या पट्टीत मोजता येते.

'मन' संस्कृत 'मनस्'वरून आलं. पॉलिनेशियन भाषांचं कूळ वेगळंच, ऑस्ट्रोनेशियन. आकाशातून पडणारा बायबलातला 'मान्ना' हा खाऊ तिसराच. तिन्हींचा एकमेकांशी संबंध नाही.

निदान 'अवतार' तरी आपला?

तो नक्की आपला, आणि आला तोही गेममधूनच. रिचर्ड गॅरियटच्या 'अल्टिमा'चा चौथा भाग १९८५ मध्ये आला. त्यात कुठल्या महादुष्टाला मारायचं नसतं. आठ सद्गुण अंगी बाणवून 'अवतार' व्हायचं असतं. प्रत्येक सद्गुणाचं एक देवस्थान, तिथे ध्यान करायचं आणि मंत्र म्हणायचा. अध्यात्माच्या देवस्थानाचा मंत्र कुठला असेल? 'ओम'. पुढच्याच वर्षी लुकासफिल्मच्या 'हॅबिटॅट' या ऑनलाइन खेळात पडद्यावरच्या खेळाडूच्या बाहुलीला 'अवतार' म्हटलं गेलं. देवाने पृथ्वीवर उतरणं ही मूळ कल्पना, इथे माणूस यंत्रात उतरतो. अर्थ ताणला असला तरी धागा तुटलेला नाही.

आणखी दोन शब्द रोज तोंडात असतात पण लक्षात येत नाहीत. राक्षस मारल्यावर जो 'लूट' गोळा करता, तो इंग्रजांनी कंपनीच्या काळात इथूनच नेलेला शब्द. 'डोटा' हा गेम खेळणारे 'जंगल'मध्ये फिरतात तेही इथलंच. त्याच खेळातला 'जगरनॉट' हा पुरीच्या जगन्नाथाच्या रथावरून आलेला शब्द.

मग ड्रुइड, वेअरवुल्फ, विचर यांच्यात संस्कृत दिसतं ते खरं की योगायोग?

खरं, पण ती नावं संस्कृतातून आलेली नाहीत. विल्यम जोन्सने १७८६ मध्ये कलकत्त्यात एशियाटिक सोसायटीपुढे बोलताना सांगितलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं साम्य इतकं आहे की त्या एकाच, कदाचित आता अस्तित्वात नसलेल्या भाषेपासून निघाल्या असाव्यात. त्या चुलत भावंडांत नॉर्स, आयरिश, पोलिश, फारसी सगळे येतात. आजोबांची जमीन सगळ्यांकडे थोडी थोडी आहे, म्हणून आपण त्यांना दिली असं होत नाही.

एवढं मान्य केलं की मग मजा आहे. जुन्या इंग्रजीत 'वेर' म्हणजे पुरुष. संस्कृत 'वीर' आणि लॅटिन 'विर' याच घरातले. 'वुल्फ' (लांडगा) म्हणजे संस्कृत 'वृक', भीमाच्या 'वृकोदर' नावातला. म्हणजे वेअरवुल्फ (लांडगा होणारा माणूस) या नावाचे दोन्ही तुकडे जोडून संस्कृतात 'वीरवृक' करता येईल. कुणी तसं केलं नाही हे वेगळं. स्कायरिममधल्या उल्फ्रिकच्या नावात 'उल्फ' हा तोच वृक आणि 'रिक' हा राजन्‌चा नातेवाईक. वृकराज म्हणा.

ड्रुइड (प्राचीन केल्ट लोकांचा पुरोहित) हा केल्टिक शब्द 'द्रु' आणि 'विद्' यांचा बनला आहे असं बहुतेक अभ्यासक मानतात: झाड, त्यातही ओक, आणि जाणणं. संस्कृतातला 'द्रुम' आणि 'विद्या' आठवा. पोलिश 'व्येझ्मा' म्हणजे चेटकीण, शब्दशः 'जाणणारी', तोच 'वेद'चा धातू. पोलिश लेखक आंद्झेय सापकोव्स्कीने १९८६ मध्ये त्याचं पुल्लिंगी रूप घडवलं, 'व्येझ्मिन', आणि इंग्रजीत त्याचा झाला विचर. ग्रीक 'द्राकोन' म्हणजे ड्रॅगन. त्याचा संबंध 'बघणे' या अर्थाच्या धातूशी लावतात, आणि तो धातू 'दृश्', 'दर्शन' यांचा सख्खा. नजर रोखून बघणारा साप, असा मूळ भाव. अनेक तोंडांची हायड्रा पाण्यातली. तिचा संस्कृत जोडीदार 'उद्र', म्हणजे पाणमांजर. स्कायरिमच्या थडग्यांतून उठणारा 'द्राउगर' नॉर्स आहे, आणि तो आपल्या 'द्रोह'च्या कुळातला समजला जातो.

आता याच जोशात 'मर्लिन म्हणजे मुरली' वगैरे सुरू होतं, तिथे थांबायचं. भाषाशास्त्रात दोन शब्द नुसते सारखे असून भागत नाही. ध्वनिबदल नियमाने आणि अनेक शब्दांत सारखा झालेला दाखवावा लागतो.

डायब्लोतले सैतान कुठले?

गेमचं नाव स्पॅनिश, मागे ग्रीक 'दियाबोलोस', म्हणजे निंदक, कुभांड रचणारा. पण गेम बनवणाऱ्या डेव्हिड ब्रेव्हिकला ते सुचलं डोंगरावरून. तो कॅलिफोर्नियात माउंट डायब्लोच्या पायथ्याशी राहत होता. 'बाल' म्हणजे सेमिटिक भाषांत स्वामी, मालक. कनानी लोकांचा मोठा देव; शेजाऱ्यांनी त्याला सैतान केलं. कार्थेजच्या हॅनिबालच्या नावातला 'बाल' हाच. बेलियल हिब्रूतला, अर्थ साधारण 'कवडीमोल'. मेफिस्टो जर्मन फाउस्ट कथेतला. देवदूतांच्या नावांना शेवटी 'एल' असतो, कारण हिब्रूत 'एल' म्हणजे देव. गेममधल्या टिरिएल या देवदूताचं नाव बनावट, पण साचा मायकेल आणि गॅब्रिएलचा.

सगळ्यात लांबचा प्रवास अझ्मोदानचा. हे अस्मोडियसचं बदललेलं रूप. अस्मोडियस हिब्रूतून ग्रीकमध्ये गेला, पण हिब्रूत आला इराणातून: पारशांच्या अवेस्ता या धर्मग्रंथातला 'एश्म दएव', म्हणजे क्रोधाचा दैत्य. त्यातला 'दएव' हा आपला 'देव'.

म्हणजे देव खलनायक कसा झाला?

गेमवाल्यांनी नाही केला. ते अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीच होऊन गेलं. ऋग्वेदाची आणि अवेस्ताची भाषा इतकी जवळची आहे की ध्वनिबदलाचे नियम लावले तर एकीतली कडवी दुसरीत जवळजवळ तशीच उतरतात. पण दोन शब्दांच्या बाबतीत दोन्हीकडे उलट घडलं. इराणी बाजूला 'अहुर' सर्वोच्च राहिला, अहुर मज्दा, आणि 'दएव' दैत्य ठरले. आपल्याकडे 'देव' देवच राहिले आणि 'असुर' हळूहळू दैत्य झाले. हळूहळू म्हणण्याचं कारण, ऋग्वेदाच्या जुन्या भागात वरुणाला, अग्नीला, इंद्रालाही 'असुर' म्हटलंय आणि ती शिवी नाही, गौरव आहे.

त्यामुळे जपानी गेममधला 'असुरा' दुष्ट वाटतो, आणि फारसी वळणाच्या गेममधला 'दीव' नावाचा राक्षस वाटेत आडवा येतो, तेव्हा दोन्ही बरोबर असतात.

बहामुत हा ड्रॅगन कुठल्या पुराणातला?

कुठल्याच नाही. पुराणात तो मासा आहे.

सुरुवात हिब्रू बायबलापासून. ईयोबाच्या पुस्तकात 'बेहेमोथ' नावाचं गवत खाणारं प्रचंड जनावर आहे, जमिनीवरचं. तेच नाव अरबी विश्वरचनेत पोचलं आणि बहामुत झालं. मध्ययुगीन अरबी ग्रंथांतली ही विश्वरचना अशी: पृथ्वी एका देवदूताच्या खांद्यावर, देवदूत माणकाच्या खडकावर, खडक एका बैलावर आणि बैल एका अफाट माशावर. तो मासा बहामुत. बायबलातलं पाण्यातलं जनावर म्हणजे लेव्हियाथन, आणि काही अभ्यासकांच्या मते अरबीत येताना दोघांची नावं एकमेकांना चिकटली. बैलाचं नाव लेव्हियाथनवरून आलं आणि माशाचं बेहेमोथवरून, म्हणजे बरोब्बर उलट.

मग १९७७ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये, म्हणजे डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या राक्षसांच्या पुस्तकात, हे नाव चांगल्या ड्रॅगनांच्या प्लॅटिनमच्या राजाला दिलं गेलं. त्याची वैरीण पाच तोंडांची तिआमात. ती बॅबिलोनच्या सृष्टिकथेतली आदिसागराची देवी, जिच्या नावाचा अर्थच 'समुद्र'. १९८७ च्या पहिल्या फायनल फँटसीत बहामुत ड्रॅगनांचा राजा म्हणूनच आला आणि आज जगभरच्या पोरांना तो ड्रॅगनच माहीत आहे. जनावर, मग मासा, मग ड्रॅगन. मला स्वतःला मासाच जास्त आवडतो, पण माशावर बसून आकाशातून आग ओकता येत नाही.

फायनल फँटसीतली 'शिवा' बाई का आहे आणि बर्फाची का?

बर्फाची शिवा १९९० च्या तिसऱ्या भागापासून आहे, इफ्रित आणि ओडिनच्या सोबतीने. नाव घेतलं, देव घेतला नाही. जपानी गेममध्ये हे सर्रास चालतं. इफ्रित मात्र मुळाशी बराच इमानदार आहे. अरबी परंपरेत जिन्न धूररहित आगीपासून बनलेले, इफ्रित त्यांच्यातला बलाढ्य, आणि गेममध्ये तो आगीचाच.

चौदाव्या भागात आपली नावं जास्त विचार करून वापरली आहेत. गरुड आहे, पण वादळी स्वभावाची स्त्री. २०१५ मध्ये गेमला जोडलेल्या नव्या भागात रावण आला, किड्यासारख्या देहाचा तलवारबाज. २०१७ मध्ये लक्ष्मी. आणि २०२१ च्या 'एंडवॉकर'मध्ये वृत्र: राडझ-ॲट-हान नावाच्या शहराचा संरक्षक ड्रॅगन, आणि पदवी 'सत्रप'.

या एका शब्दापाशी मराठी वाचकाने थांबावं. सत्रप म्हणजे जुन्या फारसीत राज्याचं रक्षण करणारा, इराणी साम्राज्यातला प्रांताधिकारी. संस्कृत रूप 'क्षत्रप'. नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षत्रप नहपानाच्या जावयाचे, उषवदाताचे शिलालेख आहेत, आणि गौतमीपुत्र सातकर्णीने हरवलं तो हाच नहपान.

त्याच गेममध्ये वृत्राची बहीण 'अझ्दाया' आहे. हे सर्बियन वगैरे भाषांतलं ड्रॅगनचं नाव, तुर्कीतून आलेलं, मागे फारसी 'अझ्दहा', त्याच्याही मागे अवेस्तातला 'अझि दहाक' नावाचा तीन तोंडांचा साप. अवेस्तातला 'अझि' म्हणजे संस्कृत 'अहि'. आणि ऋग्वेदात इंद्र ज्याला मारतो त्या वृत्राला काय म्हणतात? अहि. ज्याने ही भावंडं जोडली त्याला हे ठाऊक असणार असं मला राहून राहून वाटतं.

गेनशिनमधलं सुमेरू किती भारतीय आहे?

भारतीय, इराणी आणि इजिप्शियन, तिन्ही एकत्र. शांघायच्या मिहोयोने २०२० मध्ये गेम आणला, सुमेरू ऑगस्ट २०२२ मध्ये. मूलतत्त्वांची नावं ग्रीक, पण खड्यांची नावं बघा: अग्निदस, वरुणद, वज्रद, वायुद, शिवद, पृथिव, नागदस. सुमेरू म्हणजे मेरू पर्वत, बौद्ध ग्रंथांतून चीनमध्ये गेलेला.

तिथल्या विद्यापीठात सहा शाखा आहेत आणि शाखेला म्हणतात 'दर्शन'. षड्दर्शनं, बरोबर. पण शाखांची नावं आहेत अमुर्त, ऋतवहिश्त, हरवतात, क्षह्रेवर, स्पंतमद, वहुमन. ही अहुर मज्दाची सहा दिव्य रूपं, अमेशा स्पेंता. ती ओळखायला मुंबईतल्या पारशी शेजाऱ्यांचं कॅलेंडर पुरे: अमरदाद, अर्दिबहेश्त, खोरदाद, शहरेवर, अस्पंदारमद, बहमन हे त्यांचे महिने आहेत. गेममध्ये नावांची थोडी जुनी रूपं वापरली आहेत, आणि त्या रूपांत अमृत आणि ऋत आपल्यालाही सरळ दिसतात. शहरेवरमधला पहिला भाग म्हणजे वरच्या क्षत्रपातलं 'क्षत्र'.

देवतेची नावं तर थेट पालीतली. थोरली 'रुक्खदेवता', धाकटी 'कुसनाळी'. पाली 'रुक्ख' म्हणजे वृक्ष. जुन्या मराठीतला 'रूख' तोच. जातककथांत कुसनाळि जातक नावाची गोष्ट आहे. राजाच्या वाड्याला खांब हवा म्हणून एक मोठं झाड तोडायचं ठरतं. झाडात राहणारी देवता रडकुंडीला येते. तेव्हा जवळच्या कुश गवताच्या झुबक्यातली किरकोळ देवता सरड्याचं रूप घेऊन झाडावर चढते आणि झाड पोखरलेलं भासवते. सुतार 'किडकं आहे' म्हणून निघून जातात. झाडातली थोर देवता आणि गवतातली छोटी देवता, छोटीने थोरलीला वाचवलेलं. ज्यांनी सुमेरूचं कथानक संपवलंय त्यांना वेगळं सांगायला नको. इंग्रजीत त्या तत्त्वाला 'डेंड्रो', म्हणजे ग्रीकमध्ये झाड, म्हणतात. चिनी मूळ नाव आहे 'गवत'. भाषांतरात गोष्टीचा अर्धा इशारा गळून पडला.

वाळवंटी भागातला राजा 'देश्रेत' मात्र सापळा आहे. पुष्कळांना तो इंग्रजी 'डेझर्ट'चा भाऊ वाटतो. प्राचीन इजिप्शियनमध्ये देश्रेत म्हणजे लाल भूमी, नाईलच्या काळ्या गाळाच्या पट्ट्याबाहेरचं वाळवंट; डेझर्ट लॅटिनमधून आलं, 'सोडून दिलेली जागा' या अर्थाने. अर्थ एक, आवाज सारखा, तरी नातं शून्य.

घूल, जिन्न, गोलेम?

पहिले दोन अरबी. घूल म्हणजे झडप घालणारा. अल्गोल ताऱ्याच्या नावातही तोच बसला आहे, 'घूलचं डोकं'. जिन्नचा धातू 'झाकलेलं' या अर्थाचा; जन्नत आणि मजनू त्याच धातूचे. झाडीने झाकलेली बाग, आणि बुद्धी झाकली गेलेला माणूस. गोलेम हिब्रू, अर्थ 'आकार न आलेला गोळा', बायबलात एकदाच येतो. प्रागच्या रब्बीची मातीच्या माणसाची दंतकथा नंतरची.

पॅलाडिन, वॉरलॉक, मेज: या पेशांच्या नावांत काही आहे का?

पॅलाडिन रोमच्या पॅलाटिन टेकडीवरून आला. टेकडीवर सम्राटाचा वाडा, वाड्यावरचा माणूस पॅलाटिन, पुढे फ्रँक सम्राट शार्लमेनचे बारा वीर. वॉरलॉक जुन्या इंग्रजीत 'शपथ मोडणारा'. गेममध्ये तो सैतानाशी करार करतो, म्हणजे सवय कायम. नेक्रोमॅन्सर ग्रीक, मेलेल्यांना भविष्य विचारणारा. लिच (मेल्यावरही टिकून राहिलेला जादूगार) म्हणजे जुन्या इंग्रजीत नुसतं प्रेत. मेज, म्हणजे जादूगार, जुन्या फारसीतल्या 'मगु' पुरोहितांवरून. आपल्या पुराणांत शाकद्वीपातून आलेले सूर्यपूजक 'मग' ब्राह्मण आहेत, तेच नाव.

असॅसिन जरा जपून वापरावं. इराणातल्या अलामूत किल्ल्याच्या निझारी इस्माइली या शिया पंथीयांना त्यांच्या शत्रूंनी दिलेलं ते हिणकस नाव, 'हशीशी'. हशीश पाजून खून करवून घेत ही कथा आजचे इतिहासकार मानत नाहीत. पुण्यातला आगाखान पॅलेस १८९२ मध्ये बांधणारे तिसरे आगाखान याच निझारींचे इमाम.

डन्जन्स अँड ड्रॅगन्समध्ये राक्षसाला वाघाचं डोकं का?

रामायण वाचून कुणी ते केलं नाही. गायगॅक्सच्या समोर १९७४ मधल्या 'कोल्चॅक' या अमेरिकी टीव्ही मालिकेचा एक भाग होता. त्यातला राक्षस समोरच्याला आपल्या विश्वासातल्या माणसाच्या रूपात दिसतो आणि अभिमंत्रित बाणानेच मरतो. गेमच्या जुन्या नियमांत दोन्ही गोष्टी जशाच्या तशा आहेत. वाघाचं डोकं आणि उलटे पंजे ही वरची भर. रूप बदलण्याचा भाग रामायणाशीही जुळतो, मारीच आठवा, पण तो वळसा घालून आलाय.

स्कायरिममधली ड्रॅगनांची भाषा खरी आहे का?

बनवलेली आहे. यार्ल, थेन (दोन्ही सरदारांच्या पदव्या), द्राउगर हे खरे शब्द; 'दोवाकिन' (ड्रॅगनजन्मा) बनावट. याच मालिकेच्या २००२ च्या 'मॉरोविंड'मध्ये राखेच्या प्रदेशातल्या टोळ्यांमधल्या माणसांची काही नावं ॲसिरियन राजांच्या नावांच्या धर्तीवर आहेत, 'अस्सुर'ने सुरू होणारी.

नावाच्या मध्ये तो लोंबता स्वल्पविराम कशाला?

बहुतेकदा शोभेला. हवाईयनमध्ये किंवा अरबीच्या रोमन लेखनात त्या खुणेला ठरावीक उच्चार असतो. वॉरक्राफ्टच्या क'थूनमध्ये ती भयकथाकार लव्हक्राफ्टच्या कथुलूची आठवण करून देते, बाकी काही नाही.

भारतीय गेममध्ये काय चित्र आहे?

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' २०२० मध्ये आला. खलनायक महाबलासुर, नाव पुराणात शोभेल असं. पण नायिकेच्या भावाचं नाव गोलू. मला हे फार पटलं: असुराला तत्सम नाव आणि घरच्या पोराला हाकेचं नाव.

एखाद्या नावाचं मूळ स्वतः कसं शोधायचं?

आधी गेम कुठल्या देशात बनला ते बघा आणि तिथल्या लिपीतलं नाव शोधा. इंग्रजी रूप अनेकदा दिशाभूल करतं. मग त्या आधीचा गेम किंवा पुस्तक शोधा, कारण नावं बहुधा शेजारच्या गेममधूनच उचललेली असतात. व्युत्पत्तिकोश शेवटी. उलट क्रमाने गेलात तर बहामुतसाठी अरबी कोश उघडून बसाल आणि मासा ड्रॅगन कधी झाला ते कळणारच नाही.

उच्चारांचं काय?

वाद घालू नये, पण काही ठाऊक असावेत. जार्ल नव्हे, यार्ल. विचरचा नायक जेराल्ट नव्हे, गेराल्ट. लिचचा शेवट 'च' असाच. आणि फायनल फँटसी सातमधल्या मांजराला रोमन अक्षरं वाचून 'केट सिथ' म्हणतात, पण तो स्कॉटिश गेलिकमधला 'कॅट शी', म्हणजे परीलोकातलं मांजर. जपानी लिपीत तो 'केत्तो शी' असाच लिहिलेला आहे. हाच 'शी' किंकाळ्या फोडणाऱ्या बॅनशीत आहे, आणि विचरमधल्या 'एन शी' एल्फांच्या नावातही.